प्राणिसृष्टीला उशीर का झाला?



या व्यासपीठावर आम्ही आज दुसऱ्यांदा उभे आहोत, आणि डोक्यावर दोन देणी घेऊन उभे आहोत. २०२२ च्या वसंतात पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या प्राचीनतेविषयी आम्ही येथे बोललो होतो. त्या व्याख्यानात आम्ही आपणांस एक गोष्ट चुकीची सांगितली. अजाणता सांगितली हे खरे; पण ज्या आवाजात ती सांगितली त्याच आवाजात ती मागे घेतली पाहिजे. दुसरे देणे एका प्रश्नाचे आहे. व्याख्यान संपल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब उभे राहिले आणि त्यांनी एक साधासा प्रश्न विचारला. त्यावर आम्ही काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हते. वेळ मारून नेणे होते. गार्डसाहेब आज तिसऱ्या रांगेत बसलेले दिसत आहेत. तेव्हा आज सुटका नाही.

आधी चुकीचे पाहू. भोपाळजवळ भीमबेटका म्हणून चित्रगुहांचे प्रसिद्ध ठिकाण आहे. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने जात असता त्यांना दूरवर ते खडक दिसले, आणि पुढे तेथील आदिमानवाची चित्रे त्यांनी जगापुढे आणली. त्याच गुहांपैकी एका मोठ्या गुहेत मार्च २०२० मध्ये ग्रेगरी रिटॅलॅक हे अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी गेले असता, जमिनीपासून अकरा फुटांवर खडकाला चिकटलेली एक आकृती त्यांच्या नजरेस पडली. लांबट पानासारखा आकार, मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना शिरा. हा ‘डिकिन्सोनिया’ नावाच्या अतिप्राचीन प्राण्याचा ठसा आहे, असे त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, आणि तो आपल्या विंध्याच्या खडकात! वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. आम्हीही ते छायाचित्र येथे पडद्यावर मोठे करून दाखवले, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी ती आकृती पाहण्यास गेले. पाहतात तो ठसा खडकापासून सोलवटून निघू लागलेला. कोट्यवधी वर्षांचा ठसा दोन-तीन वर्षांत असा सुटत नाही. आसपास पाहिले तर आग्यामोहोळाची पोळी लटकत होती. तो प्राणी नव्हताच. जुन्या, जीर्ण पोळ्याचा खडकावर राहिलेला अवशेष होता. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले, आणि रिटॅलॅक यांनी आपली चूक मान्य केली. शास्त्रात असे मोकळेपणाने मान्य करणारे थोडे असतात, म्हणून त्यांचा येथे मानाने उल्लेख करतो. आमच्याविषयी एवढेच सांगतो की आम्ही छायाचित्र पाहिले होते, खडक पाहिला नव्हता. ही चूक केवळ एका ठशापुरती नव्हती. तो प्राणी खरा मानला तर त्या खडकांचे वय ५५ कोटी ठरत होते. उलट मीर्ट आदि मंडळी तेच खडक शंभर कोटींच्या घरातले मानतात. एका मोहोळाने इतिहासाची निम्मी वर्षे गिळली असती.

एक देणे फिटले. आता गार्डसाहेबांचा प्रश्न. जे त्या वर्षी आले नव्हते त्यांच्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. अशा आकड्यांपुढे माणसाचे मन बधिर होते, म्हणून आम्ही आगगाडीचा आधार घेतला होता. मुंबईहून सोलापूर लोहमार्गाने सुमारे ४५५ किलोमीटर. तेव्हा एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षे धरा. बोरीबंदरला पृथ्वी जन्मली आणि सोलापूर स्टेशनात आपण आज उभे आहोत. या हिशेबाने सजीवांच्या पहिल्या भरवशाच्या खुणा कर्जतच्या आसपास दिसतात. म्हणजे घाट चढण्यापूर्वीच जीव गाडीत बसला. पण तो केवळ सूक्ष्म जंतूंच्या रूपात. पुणे सोडून वीस-बावीस किलोमीटर गेले की हवेत प्राणवायू साठू लागतो. पुढे दौंड. दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंतच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांत वरवर पाहता काहीच घडत नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी या काळाला ‘कंटाळवाणी शंभर कोटी वर्षे’ असेच नाव दिले आहे. कुर्डुवाडी सुटता सुटता सारी पृथ्वी बर्फाखाली जाते. ते बर्फ वितळल्यावर, कुर्डुवाडी आणि मोहोळ यांच्या दरम्यान कुठेतरी, डोळ्यांना दिसतील असे पहिले प्राणी अवतरतात. (मोहोळ हे नाव घेताना आम्ही हल्ली जरा दचकतो.) डायनोसोर संपले ते सोलापूरच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरांवर. आणि मानवजातीचा सारा इतिहास स्टेशनातल्या फलाटाच्या शेवटच्या तीस मीटरांत मावतो.

गार्डसाहेबांनी विचारले होते : “पुणे सोडल्यावर प्राणवायूचा सिग्नल पडला म्हणता. मग दौंड ते कुर्डुवाडी गाडी उभी का? सिग्नल पडून गाडी हलली नाही तर आम्हांला कारण लिहावे लागे.”

खरोखर, कारण लिहिले पाहिजे.

प्रथम तो सिग्नल पडला हे कशावरून? हवा तर मागे काही ठेवत नाही. पण दगड ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँड येथे फार जुन्या नद्यांनी वाहून आणलेली खडी आहे, आणि तीत माक्षिकाचे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचे, गोटे झालेले कण आहेत. आजच्या नदीत असा कण टाकला तर वाहता वाहता तो गंजून नाहीसा होईल. तो गोल होईपर्यंत टिकला, यावरून त्या काळच्या पाण्यात आणि हवेत प्राणवायू नव्हता हे उघड होते. दुसरा पुरावा अधिक सूक्ष्म आहे. प्राणवायू नसेल तर ओझोनचे छत्र नसते. सूर्याचे जंबुपार किरण थेट खाली येतात आणि हवेतल्या गंधकाच्या अणूंत एक विशिष्ट प्रकारची निवड घडवतात. २००० साली जेम्स फार्कर आणि सहकारी यांनी दाखवले की अशी निवड जुन्या खडकांत सापडते, आणि सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वीनंतर ती नाहीशी होते. तेथे सिग्नल पडला.

हा प्राणवायू कोणी आणला? नीलहरित जंतूंनी. पावसाळ्यात आपल्या फरशीवर जी निसरडी बुरशी धरते, तीत त्यांचे वंशज असतात. सूर्यप्रकाश घेऊन पाणी फोडायचे आणि प्राणवायू टाकून द्यायचा, हा त्यांचा उद्योग. त्यांनी टाकलेला प्राणवायू आधी समुद्रातल्या विरघळलेल्या लोखंडाने खाल्ला. हा दगड पाहा. गोव्यातला आहे, डिचोली तालुक्यातला. एक पट्टा लोखंडाचा, एक गारेचा, पुन्हा लोखंडाचा. गोव्याच्या बंदरांतून बोटी भरभरून बाहेर गेलेले खनिज याच पट्टेदार खडकांतून तयार झालेले. त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. हा समुद्राचा गंज आहे. काही गंज प्राणवायूने चढवला, काही बहुधा प्राणवायूवाचून लोह गंजवणाऱ्या दुसऱ्या जंतूंनी. दगड रांगांतून फिरवा. जड आहे, मुलांच्या हाती सांभाळून द्या.

प्राणवायूचे एवढे महत्त्व का? येथे एक घरगुती गोष्ट सांगतो. ताडी आंबते तेव्हा किण्व साखर खातात, पण प्राणवायूवाचून. त्यामुळे साखरेतली थोडीच शक्ती त्यांच्या हाती लागते. बाकीची मद्यात तशीच राहते. म्हणून तर मद्याला काडी लावली की ते पेटते! तीच साखर प्राणवायूच्या साहाय्याने पुरती जाळली तर पेशीला सुमारे पंधरापट शक्ती मिळते. ज्याला पळायचे आहे, शिकार करायची आहे, मेंदू पोसायचा आहे, त्याला ताडीच्या हिशेबात संसार चालवता येत नाही. शिवाय आपल्या शरीराला बांधून ठेवणारे जे कोलॅजेन, ते तयार करण्यासाठीही प्राणवायू लागतो. १९५९ साली नर्सल या शास्त्रज्ञाने हाच विचार स्पष्टपणे मांडला की पुरेसा प्राणवायू ही प्राण्यांच्या जन्माची पूर्वअट होती. सिद्धान्त सुटसुटीत आहे. हवा बदलली, म्हणून जीव बदलला. २०२२ साली आम्हीही तोच सांगून टाळ्या मिळवल्या होत्या.

मग गार्डसाहेब उभे राहिले.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर महाराष्ट्रात फार काही हाती लागत नाही. आपला बहुतेक मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडाखाली गाडलेला आहे. जुनी पाने त्याखाली मिटलेली. उत्तरेस विंध्याकडे जावे लागते. चित्रकूट आपणां सर्वांना रामकथेतून ठाऊक आहे. तेथे जानकीकुंडाजवळ समुद्राच्या उथळ पाण्यात तयार झालेले चुनखडीसारखे आणि फॉस्फेटयुक्त खडक आहेत.

डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील डॉ. आझमी यांनी १९९८ साली या खडकांतून आणि बिहारातील रोहतासच्या खडकांतून अतिसूक्ष्म नळ्या व कवचांसारखे अवशेष काढले, आणि ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळातील प्राण्यांचे आहेत असे प्रतिपादन केले. मोठे वादळ उठले. हे खडक त्याहून कितीतरी जुने असा सर्वांचा समज. मग त्यांत प्राण्यांची कवचे कशी? इतरांना ते अवशेष सापडेनात. संशय माणसावर गेला. संशोधकाच्या आयुष्यात याहून कडू काळ नाही. पुढे स्टॉकहोमचे स्टेफान बेंग्टसन आणि सहकारी यांनी चित्रकूटच्या खडकांचा नव्याने अभ्यास केला, आणि २००९ साली त्यांचा निर्णय आला. अवशेष अस्सल आहेत. मात्र खडकाचे वय सुमारे १६५ कोटी वर्षे आहे. म्हणजे आझमींनी जे पाहिले ते खरे होते, जे वय लावले ते चुकीचे होते. आणि ज्यांनी त्यांना खोटे ठरवले तेही चुकलेच होते.

२०१७ साली याच मंडळींनी क्ष-किरणांच्या अतिसूक्ष्म छायाचित्रणाने दगड न फोडता आतले अवशेष पाहिले. एकावर एक रचलेल्या पेशींचे धागे, आणि दुसऱ्या जातीत मांसल गोलसर पुंजके. पेशींच्या आत चकतीसारखी काही रचना दिसते. हे लाल शैवालांच्या गोत्रातले असावेत असे त्यांचे मत आहे. धाग्यांच्या जातीला त्यांनी ‘राफताझ्मिया चित्रकूटेन्सिस’ असे नाव दिले, आणि त्या नावात आझमींचे नाव आहे. पुंजक्यांच्या जातीचे नाव ‘रामाथॅलस’. चित्रकूट म्हटल्यावर राम हवाच! ते नेमके लाल शैवालच होते काय, याविषयी मतभेद आहेत. परंतु ते एकटे नाहीत. २०२४ साली उत्तर चीनमधून सुमारे १६३ कोटी वर्षांपूर्वीचे बहुपेशीय धागे प्रसिद्ध झाले आहेत.

आता आगगाडीवर हे ठिकाण पाहा. १६० कोटी वर्षे म्हणजे मुंबईपासून २९४ किलोमीटर, भिगवणच्या आसपास. दौंड आणि कुर्डुवाडी यांच्या मध्ये, ज्या पट्ट्यात काहीच घडत नाही म्हणतात त्याच पट्ट्यात! साधा जंतू आणि शैवालाची पेशी यांत झोपडी आणि वाडा यांइतके अंतर आहे. शैवालाच्या पेशीत स्वतंत्र केंद्रक असते, प्राणवायू वापरून शक्ती निर्माण करणाऱ्या तंतुकणिका असतात. या तंतुकणिका मुळात स्वतंत्र जंतू होते, दुसऱ्या पेशीच्या पोटात गेले आणि तेथेच नांदू लागले, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली मांडला आणि आज तो सर्वमान्य आहे. असा वाडा बांधून तयार, वाड्यांच्या रांगाही उभ्या, आणि तरीही प्राणी यायला आणखी शंभर कोटी वर्षे! गार्डसाहेबांचा प्रश्न चित्रकूटच्या दगडाने अधिकच टोकदार केला आहे.

एक उत्तर असे की सिग्नल पुरता पडलाच नव्हता. त्या मधल्या काळात प्राणवायू होता, पण थोडा. किती थोडा, यावर हिशेब जुळत नाहीत. कोणी आजच्या मानाने शेकडा दहापर्यंत म्हणतो, कोणी शेकडा एकाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी म्हणतो. तरी एवढा थोडा प्राणवायू प्राण्याला पुरत नसेल, असे सगळेच धरून चालले होते. २०१४ साली डॅनियल मिल्स आणि सहकारी यांनी ते धरून चालणे सोडले. डेन्मार्कच्या एका खाडीतला साधा स्पंज त्यांनी टाकीत ठेवला आणि पाण्यातला प्राणवायू उतरवत नेला. आजच्या पातळीच्या शेकडा अर्धा ते चार इतका उतरला तरी स्पंज आपला जिवंत! स्पंज हा प्राणिकुलातला अगदी साधा गडी. हालत नाही, शिकार करत नाही, पाणी गाळून पोट भरतो. पण प्राणी तो प्राणीच. एका टाकीतल्या एका स्पंजावरून सारे ठरत नाही, हे आम्ही मोहोळानंतर शिकलो आहोत. तरी ‘प्राणवायू कमी, म्हणून प्राणी नाही’ हे सरळ वाक्य आता पूर्वीइतक्या ठामपणे म्हणता येत नाही.

मग गाडीला अडवले कोणी? शेतकरी बंधूंना विचारा. पाऊस आहे, ऊन आहे, बियाणे आहे; पण जमिनीत स्फुरद नाही. पीक कसे येणार? समुद्राच्या जुन्या गाळांचे रासायनिक पृथक्करण केले तर सुमारे ८० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत त्यांत स्फुरद अत्यल्प दिसते. ज्या समुद्रात खताची अशी टंचाई, तेथे लहान जंतूंचे फावते. त्यांची भूक लहान, पोट लहान. शैवालासारख्या मोठ्या पेशीला खर्च फार. ती मरत नाही, पण वाढतही नाही. कोपऱ्यात दिवस काढते. चित्रकूटची शैवाले ज्या खडकात सापडली तो मात्र फॉस्फेटाचा आहे, आणि त्या फॉस्फेटानेच ती इतकी नीट जपली. तेवढाच कोपरा समृद्ध होता आणि बाकी समुद्र उपाशी होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण एका खाणीवरून समुद्र मोजणे आम्ही टाळतो.

येथे बर्फ येते. सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी गोठू लागली. ध्रुवांकडचे बर्फ वाढले. बर्फ पांढरे, ते ऊन परत फेकते. ऊन परत गेले की आणखी गारठा, आणखी बर्फ. असे करत ते विषुववृत्तापर्यंत पोचले. ब्रायन हार्लंड यांनी १९६४ साली जुन्या हिमनद्यांच्या खुणा उष्ण कटिबंधात कशा, हा प्रश्न काढला. ‘बर्फाचा गोळा झालेली पृथ्वी’ हे नाव १९९२ साली जोसेफ कर्शविंक यांनी दिले. आणि १९९८ साली पॉल हॉफमन प्रभृतींनी नामिबियातल्या खडकांवरून त्याला बळकटी आणली. पहिला गोठवणारा काळ सुमारे पावणेसहा कोटी वर्षे चालला. थोडी उसंत मिळून पुन्हा दुसरा आला, तो ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपला. सुटका झाली ती ज्वालामुखींमुळे. त्यांचा कर्बवायू हवेत साठत राहिला, कारण बर्फाखाली झाकलेले खडक तो शोषून घेईनात. आणि शेवटी उष्णता कोंडून बर्फ वितळले. याचे खडक आपणांस पाहायचे असतील तर नामिबियाला जायला नको. मसुरी, सोलन, सिमला या भागांत ‘ब्लैनी’ नावाचा थर आहे. हिमनदीने आणलेले दगडगोटे, आणि वर गुलाबी चुनखडीची पातळ चादर. थंड हवेसाठी तेथे जाणारी आपली मंडळी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या थंडीवर उभी राहून चहा पितात.

अशा थंडीत जीव मरायचे. पुष्कळ मेलेही असतील. पण मैलभर जाडीच्या हिमनद्यांनी खंडे दळून काढली, आणि ते पीठ समुद्रात गेले. जात्यातून स्फुरद बाहेर पडले म्हणा. ऑस्ट्रेलियातील योखेन ब्रॉक्स आणि सहकारी यांनी २०१७ साली जुन्या गाळांत उरलेले चरबीचे अंश तपासले. जंतूंचे अंश वेगळे, शैवालांचे वेगळे. सुमारे ६६ ते ६४.५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे नेमके दोन बर्फांच्या मधल्या उसंतीत, समुद्रात शैवालांचे अंश एकाएकी वाढलेले दिसले. चित्रकूटला कोपऱ्यात दिवस काढणाऱ्या कुळाला तब्बल शंभर कोटी वर्षांनी बरे दिवस आले! आणि शैवाल म्हणजे मोठा घास. जंतू खाऊन जगणाऱ्याला मोठे होता येत नाही. मोठा घास मिळाला तर मोठ्या तोंडाला अर्थ येतो.

यानंतर खरा डिकिन्सोनिया येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडिॲकारा टेकड्यांत १९४६ साली रेजिनाल्ड स्प्रिग यांना असे ठसे सापडले, आणि त्या टेकड्यांवरून एका सबंध कालखंडाला २००४ साली नाव पडले. इंग्लंडात टीना नेगस नावाच्या शाळकरी मुलीने १९५६ साली असाच पानासारखा ठसा चार्नवुडच्या खडकात पाहिला होता. तिने शिक्षिकेला सांगितले. उत्तर मिळाले, त्या खडकांत जीवाश्म नसतात. पुढच्या वर्षी एका मुलाने तोच पाहिला आणि तो जगभर गेला. (शिक्षक म्हणून आम्हांला ही गोष्ट आवडत नाही, म्हणूनच सांगितली.) डिकिन्सोनिया हा भाकरीसारखा चपटा, काही एक मीटरहून लांब, पण जाडी काही मिलिमीटरच. रक्ताभिसरण नाही, कल्ले नाहीत, प्राणवायू कातडीतूनच आत झिरपायचा. अशाने पोळी-भाकरीसारखे पसरता येते, लाडवासारखे गोल होता येत नाही. रशियात श्वेत समुद्राकाठच्या सुमारे ५५.८ कोटी वर्षांपूर्वीच्या ठशात २०१८ साली कोलेस्टेरॉलचे अंश मिळाले, आणि तो प्राणीच होता हे निश्चित झाले. भीमबेटकाला अशी कसोटी कोणी लावली असती, तर मेण मिळाले असते!

त्या प्राण्यांना दात नव्हते, डोळे नव्हते, कोणी कोणाला खात असल्याच्या खुणा फारशा नाहीत. आणि येथे प्राणवायू पुन्हा रंगमंचावर येतो. आपल्या कोकण-गोव्यासमोरच्या अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ संपलेला एक प्रचंड थर आहे. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी तो एक. अशा थरांतल्या समुद्रतळावर कोण राहतो, याचा जगभरचा हिशेब एरिक स्पर्लिंग आणि सहकारी यांनी २०१३ साली मांडला. जेथे प्राणवायू फार कमी तेथेही कृमी राहतात. पण ते चिखल खाणारे. शिकार करून खाणारे तेथे विरळ होत जातात. पळणे, पकडणे, एकदम मोठे जेवण पचवणे हे सारे महाग काम आहे. म्हणजे प्राणी जन्मायला थोडा प्राणवायू चालला असेल. शिकारी जन्मायला मात्र पुष्कळ लागला असावा. आणि एकदा शिकारी आला की कोणी कवच धरले, कोणी डोळे, कोणी पाय, कोणी चिखलात बिळे केली. सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी कँब्रियन काळाची सुरुवात शास्त्रज्ञ अशा बिळाच्या एका विशिष्ट खुणेवरूनच मोजतात. तोवर समुद्रतळावर जंतूंचा चामड्यासारखा गालिचा होता; ही त्याची पहिली नांगरट. गालिचा फाटला, चिखल उलटापालटा झाला, पाण्याशी त्याची देवघेव बदलली, आणि एडिॲकाराचे भाकरीसारखे रहिवासी उठून गेले. १८५९ साली डार्विनला सर्वांत मोठी अडचण वाटली ती याच जागी. कँब्रियनपूर्वीचे खडक त्याला रिकामे दिसत होते.

तेव्हा गार्डसाहेब, कारण लिहायचे ते असे. पुण्यानंतर पडला तो पहिला सिग्नल होता. पुढे अनेक होते. डब्यांची जोडणी भिगवणला झाली होती, पण भट्टीत कोळसा नव्हता. कोळसा बर्फाने आणला असावा, असे आमचे मत होत चालले आहे. बर्फ नसते तर प्राणी आलेच नसते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काही अभ्यासक गुणसूत्रांच्या हिशेबावरून प्राण्यांचा उगम बर्फापूर्वीच मानतात, आणि त्यांचे खरे असेल तर गाडी बर्फातही हळूहळू चालतच होती. आणखी एक गोष्ट तुमच्या नोंदवहीत बसणार नाही. रेल्वेत सिग्नल पाडणारा केबिनमध्ये असतो, गाडीत नसतो. येथे प्राणवायू सोडणारे जंतू गाडीतलेच, शैवाले गाडीतली, चिखल नांगरणारे कृमीही गाडीतले. हवेने जीवाला बदलले की जीवाने हवेला, असा प्रश्न केला तर दोन्हींची तारीख एकच निघते, आणि आधी कोण हे दगड सांगत नाहीत. निदान आजवर सापडलेले दगड सांगत नाहीत.

भीमबेटकाला आम्ही यंदा हिवाळ्यात जाऊन आलो. मोहोळे अजून आहेत. छायाचित्र काढताना आम्ही फार जवळ गेलो नाही. ते छायाचित्र बाहेर टेबलावर ठेवले आहे. गोव्याचा दगड अजून मागच्या रांगांत फिरतो आहे असे दिसते. ज्यांच्या हाती असेल त्यांनी जाताना तो तेथेच छायाचित्राशेजारी ठेवावा, एवढी विनंती.